सुट्या भागांसाठी अख्खी दुसरी गाडी घ्यावी का?

तुमची १९६४ च्या सुरुवातीची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार तीन वर्षं अर्धवट उघडून ठेवलेली आहे. आता १९७० ची एक बंद पडलेली एमजीबी भंगाराच्या भावात मिळतेय, तर मुदत ठेव मोडून ती घ्यावी, लागतील ते भाग काढावेत आणि उरलेले विकून पैसे सोडवावेत, असा तुमचा बेत आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: ठेव मोडू नका.

आधी गाडीचंच बघू. तुमचं इंजिन तीन बेअरिंगचं, म्हणजे त्याचा क्रँकशाफ्ट (मुख्य फिरता दांडा) तीन ठिकाणी टेकलेला. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगचं आलं, त्याचा क्रँकशाफ्ट तुमच्या ब्लॉकमध्ये बसत नाही. तुमच्या दाराचं हँडल ओढायचं, त्या १९७० च्या गाडीचं बटणाचं. १९६७ च्या शेवटी गिअरबॉक्स बदलला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, पॉझिटिव्ह अर्थिंगचं (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडण्याचं) निगेटिव्ह झालं. १९७० ची ग्रिलही वेगळी. मग हाती काय राहतं? एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग, थोडं किरकोळ सामान. एवढ्यासाठी अख्खी गाडी ओढून आणायची, जागा अडवायची आणि उरलेल्या भागांना गिऱ्हाइकं शोधत बसायचं! गाडी एका दिवसात घेता येते, तिचे भाग विकायला वर्षं लागतात. तोवर ठेवीचं व्याजही बुडालेलं असतं.

जो भाग कुठेच मिळत नाही, तो दिसला की घेऊन ठेवण्यात अर्थ असतो. एमजीबीचं तसं नाही. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आणि ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवू लागली. पत्रे, रबरं, ब्रेकचं सामान नवं मिळतं. ब्रेकची रबरं तर नवीच घ्या, जुन्या गाडीतली काढून अजिबात लावू नका.

मला खरी काळजी तुम्ही पाठवलेल्या फोटोची वाटते. दाराखालच्या सिलचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटलाय. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, भार बॉडीच पेलते आणि त्यात सिलचा वाटा मोठा. पैसा पहिल्यांदा तिथे जायला हवा. वेल्डिंग सुरू झालं की आतून आणखी गंज निघतोच, म्हणून अंदाजित खर्चावर निदान एक चतुर्थांश रक्कम वेगळी काढा. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे मात्र या हिशेबात धरू नका.

त्या विक्रेत्याला फक्त कार्ब्युरेटरची जोडी देणार का, ते विचारा. त्यांच्या स्पिंडलमध्ये (हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीत) खेळ आहे का, हाताने हलवून बघा. सुटी देत नसेल तर गाडी सोडून द्या.