इतिहासाचे पुस्तक आणि ऑनलाइन बाजार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. परळ-लालबागच्या गिरणगावाचा इतिहास मी अनेक वर्षे कागदपत्रे आणि मुलाखती गोळा करून लिहिला आहे. एका प्रकाशकांनी माझ्या खर्चाने हजार प्रती छापण्याचा सल्ला दिला आहे, तर थोड्या प्रती छापून त्या ऑनलाइन विकाव्यात, असे मुलाचे म्हणणे आहे. आपले मत कळवावे. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : सप्रेम नमस्कार. मला आपल्या चिरंजीवांचे म्हणणे पटते. हजार प्रतींची ऑफसेट छपाई केली की प्रतीमागचा खर्च उतरतो हे खरे. पण तो फायदा प्रती विकल्या गेल्या तरच पदरात पडतो. एरवी मुंबईच्या घरात पलंगाखाली गठ्ठे साठतात आणि दोन पावसाळ्यांनंतर कडेच्या प्रतींना बुरशी धरते. डिजिटल छपाईत एक प्रत महाग पडते, परंतु शंभर-दीडशे प्रती काढून, वाचकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करून पुन्हा तेवढ्याच काढता येतात. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकाला ही सोय फार मोलाची आहे, कारण पहिल्या शंभर वाचकांतच एखादा जुना गिरणी कामगार आपल्याला चाळीचे चुकलेले नाव सांगणारा निघतो.

आपला वाचक आता लालबागमध्ये एकवटलेला नाही. गिरण्या बंद पडल्यावर कुटुंबे कल्याण-डोंबिवलीला, पनवेलला किंवा गावी सातारा-रत्नागिरीकडे गेली, आणि त्यांची नातवंडे आज आजोबांच्या गिरणीतल्या खात्याची माहिती मोबाइलवर शोधतात. दादर-गिरगावच्या दुकानांतून त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण आहे. ऑनलाइन विक्रीने ते शक्य होते. मात्र त्यासाठी पुस्तकाची नोंद नीट व्हायला हवी. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही द्यावे, कारण मराठी वाचणारे कित्येक लोक शोधताना रोमन अक्षरे टंकित करतात. ‘मुंबईच्या श्रमिकांची गौरवगाथा’ अशा वर्णनाने पुस्तक कोणाच्याच शोधात सापडत नाही. त्याऐवजी कावसजी दावर यांच्या १८५४च्या कापडगिरणी कंपनीपासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंतचा काळ पुस्तकात आहे, कोणत्या गिरण्यांची प्रकरणे आहेत आणि किती कामगारांच्या मुलाखती आहेत, हे साध्या वाक्यांत लिहावे.

इतिहासाचा जाणता वाचक दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर आधी शेवटची पाने उलटतो. संदर्भ आणि सूची पाहिल्यावर मग किमतीकडे वळतो. ऑनलाइन बाजारात त्याला हे करता येत नाही, म्हणून ते आपण करून द्यावे. मुखपृष्ठाबरोबर अनुक्रमणिकेचे, संदर्भसूचीच्या एका पानाचे आणि तळटीपा असलेल्या मजकुराच्या दोन पानांचे स्वच्छ फोटो द्यावेत. माझ्या अनुभवात मोठ्या सवलतीपेक्षा या चार फोटोंनी इतिहासाची पुस्तके जास्त विकली आहेत. सवलतीच्या स्पर्धेत आपण उतरूच नये. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि विक्रेत्याचे कमिशन व सवलत मिळून १५० रुपये गेले. तर उरलेल्या १५० रुपयांत छपाई, बांधणी, वेष्टन आणि परत आलेल्या प्रतींचे नुकसान हे सारे भागवावे लागते. किंमत ठरवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तो छपाईच्या आधी करावा, म्हणजे क्रमांक आतल्या पानावर आणि मलपृष्ठावर छापता येईल. ई-पुस्तक काढल्यास त्याला वेगळा क्रमांक लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही; तरी ज्या संकेतस्थळावर विक्री करायची त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

स्वतः प्रती पाठवणार असाल तर टपाल खात्याची १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा पाहावी. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक स्वरूपाच्या छापील पुस्तकांसाठी ती आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे तिचे दर जाहीर झाले आहेत. एका जुलैत मी चाळीस प्रती नुसत्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रवाना केल्या होत्या. त्यांतल्या अकरा कोपरे दबून परत आल्या. तेव्हापासून पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, चारही बाजूंनी बोटभर मोठे कापलेले दोन पुठ्ठे खालीवर लावून मगच वेष्टन करतो. धक्का मग पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो आणि पुस्तक बचावते.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. मुंबईतले ग्रंथालय फोर्टच्या टाऊन हॉलमध्ये आहे. हे टाळू नका. आपल्या प्रती संपून गेल्यावरही गिरणगावावर काम करणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला आपले पुस्तक तिथे मिळेल.

प्रश्न : इतिहासाची जुनी पुस्तके ‘हक्क संपले’ म्हणून अनेक जण छापून विकतात. मलाही असे पुनर्मुद्रण करायचे आहे. ते कायदेशीर आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. इतिहासकार गो. स. सरदेसाई १९५९मध्ये वारले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२०पासून मुक्त झाले, त्र्यं. शं. शेजवलकर १९६३मध्ये वारले, त्यांचे १ जानेवारी २०२४पासून. मात्र नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांचा हक्क स्वतंत्र असतो. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे आहे, त्यामुळे मूळ मजकूर कोणीही छापू शकतो. पण विसाव्या शतकातील संपादित आवृत्ती समोर ठेवून तिच्या टिपांसकट छापणे योग्य होणार नाही.

कायदा इतके सांगतो. त्यापलीकडे माझी कळकळीची विनंती अशी की, इंटरनेटवरची धूसर प्रत उतरवून तशीच छापू नये. अशा पुनर्मुद्रणांत गळालेली पाने आणि अर्धे कापलेले नकाशे मी पाहिले आहेत, आणि वाचकाला ते पुस्तक घरी आल्यावरच कळते. निदान दोन ग्रंथालयांतल्या प्रती पानापानाने ताडून पाहाव्यात. शक्य असल्यास व्यक्ती-स्थळांची सूची नव्याने करावी, फारसी शब्दांचे अर्थ द्यावेत आणि कालगणनेचा उलगडा करावा. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४ हे राज्याभिषेकामुळे पुष्कळांना माहीत असते. परंतु पेशवेकालीन पत्रांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ पुस्तकाची प्रत इंटरनेटवर फुकट मिळत असतानाही वाचक आपल्या आवृत्तीसाठी पैसे मोजेल तो अशा श्रमांसाठी.

प्रश्न : माझ्या किल्ल्यांवरील पुस्तकाची पीडीएफ मोबाइलवरच्या समूहांमध्ये फिरत आहे. काय करता येईल? (एक लेखिका, बोरिवली)

उत्तर : प्रथम त्या समूहाच्या चालकांना सभ्य पण स्पष्ट पत्र लिहावे. ट्रेकिंगच्या समूहांतले बरेच जण ते पुस्तक विकत मिळते हे माहीत नसल्याने पुढे पाठवतात. पत्रात विक्रीचा दुवाही द्यावा. त्याने भागले नाही तर संबंधित सेवेकडे लेखी तक्रार करावी. कॉपीराइट नियमांनुसार अशा तक्रारीवर ३६ तासांत कारवाई अपेक्षित असते, पण ती २१ दिवसांपुरतीच असते. तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. म्हणून तक्रार करण्यापूर्वीच वकिलांशी बोलून ठेवावे आणि पडद्याची छायाचित्रे तारखेसह जपावीत.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या जुन्या इतिहासग्रंथांच्या संगणकीय फाइली आहेत. त्यांची थेट ई-पुस्तके होतील का? (एक कार्यकर्ता, गिरगाव)

उत्तर : थेट होणार नाहीत. त्या फाइली बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्याआधीच्या, फॉन्टमधल्या असतील. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकित केलेला असतो. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला दोन्ही जागेवर आणावे लागतात आणि जोडाक्षर आले की ती हमखास चुकते. ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘कैवर्त’ असे शब्द मोडतात, ‘ऱ्या’ तुटतो. कथा-कादंबरीत वाचक अंदाजाने पुढे जाईल, पण इतिहासग्रंथात एखाद्या गावाचे नाव बिघडले तर तो संदर्भच निकामी होतो. तळटीपांचे क्रमांकही सरकतात.

अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर मराठी ई-पुस्तके प्रकाशित करता येतात. भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधनाचा पर्याय हवा असल्यास ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीत अन्यत्र ठेवता येत नाही, हे लक्षात घेऊन संस्थेने ठराव करावा. घाईने सगळा संच काढू नका. एकच ग्रंथ निवडा, त्याचे रूपांतर करून घ्या आणि मग दोघांनी समोरासमोर बसावे : एकाने छापील प्रत तळटीपांसह मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मोबाइलवरच्या मजकुरावर बोट ठेवून, जिथे अडेल तिथे खूण करावी.