सोसायटीच्या गणेशोत्सवात छापील एकांकिका करायची तर लेखकाला मानधन द्यावं लागतं का?

कलाकार हौशी असतील आणि प्रेक्षकांना प्रवेश मोफत असेल तर कायद्याने परवानगीही लागत नाही आणि मानधनही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये हौशी मंडळांना ही सूट आहे. म्हणजे तुमच्या वर्तकनगरच्या मांडवातला प्रयोग चालेल, पण तोच ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात तिकीट लावून केलात तर आधी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. देणगी प्रवेशिका म्हणजेही तिकीटच समजा. (खुद्द राम गणेश गडकऱ्यांचं नाटक घेतलंत तर प्रश्नच नाही. ते 1919 साली गेले. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.)

मात्र ही सूट प्रयोगापुरतीच आहे. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, आणि नेमकं हेच मंडळं सर्रास विसरतात. पत्रिकेवर दिग्दर्शक, नेपथ्य, चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं असतात, लेखकाचं मात्र गळतं. ते छापाच: कलम 57 नुसार श्रेयाचा हक्क लेखकाकडेच राहतो, अगदी कॉपीराइट विकला असला तरी. त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्कही त्याच कलमात येतो.