नाट्यसंस्था काढताना

प्रश्न : आम्ही पाचजण ना-नफा तत्त्वावर नाट्यसंस्था काढणार आहोत. लगेच नोंदणी करावी का?

उत्तर : आधी एक प्रयोग करा आणि त्याचा पैन् पैचा जमाखर्च लिहून ठेवा, पुढचं अंदाजपत्रक त्यावरच उभं राहील. मग संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहा. उद्देशात नुसतं ‘नाट्यप्रयोग करणे’ लिहिलंत, तर उद्या शिबिरासाठी अनुदान मागताना अडाल. प्रशिक्षण, प्रकाशन यांनाही जागा ठेवा. संस्था बंद पडल्यास उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, हे कलम हवंच.

कार्यकारिणीत एकाच घरातली माणसं भरू नका. खजिनदार शक्यतो नाटकात काम न करणारा घ्या, आणि बँकेत दोन सह्यांची अट घाला.

खरी भांडणं होतात ती मानधनावरून. शिल्लक रक्कम सभासदांत वाटता येत नाही, पण कामाचा रास्त मोबदला सहसा देता येतो; पदाधिकाऱ्यांबाबत तुमच्याकडचा कायदा तपासा. ज्याचं मानधन ठरतंय त्यानं बैठकीतून उठावं, मत देऊ नये, आणि तशी नोंद इतिवृत्तात करा. कलावंतांना फुकट राबवून संस्था टिकत नाही.

शिबिरासाठी आलेली देणगी नेपथ्याला वापरू नका, पुढच्या महिन्यात भरून काढू म्हणूनसुद्धा नाही. तिचा हिशेब वेगळा ठेवा.