नवऱ्याला माझे पाय आवडतात आणि टीव्हीवर असल्या माणसांवर सगळे हसतात. हे विकृत आहे का?

बाय, तू वयाने लहान दिसतेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नको. तू लिहिलंयस की लग्नाला चार महिने झाले, नवऱ्याने धीर करून सांगितलं की त्याला तुझे पाय फार आवडतात, म्हणजे तसेच आवडतात, आणि दुसऱ्याच दिवशी एका डेटिंग शोमध्ये हेच कबूल करणाऱ्या मुलावर सगळे ईईई करून ओरडताना तू बघितलंस. त्यात तुझ्या टाचांना भेगा, मग ह्याला काय आवडतं त्यात, हा विकृत आहे का, डॉक्टरकडे न्यावं का. तर विकृत नाहीये आणि डॉक्टरकडे न्यायची काही गरज नाही. उत्तर इथेच संपलं असतं, पण हाच विषय माझ्या घरात २०१९ पासून घशात काट्यासारखा अडकलाय म्हणून पुढचं लिहितेय.

मी दापोली तालुक्यातली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर, दोन खोल्या पर्यटकांना देतो, थोडी आंब्याची कलमं आणि थोडं भात. माझ्या पायांबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही बोललं ते २००२ साली, बघण्याच्या कार्यक्रमात. मुलाच्या आईने मला माजघरातून पडवीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं, निऱ्या जरा वर घे म्हणाली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, पाय फताडे आहेत हो. माझे वडील मान खाली घालून बसले होते. तिथे कोणी ईईई केलं नाही, कोणाला ते विकृत वाटलं नाही, पोहे खाऊन मंडळी निघून गेली. पुढच्या वर्षी ह्यांच्याशी लग्न झालं आणि नेमका त्याच साली आंब्याचा मोहोर गळला, तर भावकीतल्या एका काकूने मला पांढऱ्या पायाची ठरवलं. म्हणजे बाईच्या पायाकडे बघायचं, मापं काढायची, शकुन-अपशकुन लावायचे, हे सगळं चालतं. पायातली वहाण पायातच बरी हेही चालतं. एक माणूस त्या पायांवर प्रेम करतो म्हणाला की मात्र तो वेडा.

ह्यांनी मला सांगितलं लग्नानंतर दोनेक वर्षांनी. लावणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात उभं राहून माझ्या बोटांमधे चिखल्या झालेल्या, टाचा फाटून रक्त येत होतं. हे मुठेल घेऊन बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रातांब्याच्या बियांचं तेल, बिया कुटून पाण्यात उकळून वर येतं ते काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करतात म्हणून मुठेल, मालवणाकडे भिरंडेल म्हणतात. तर ह्यांनी पळीत गोळा वितळवला आणि रोज रात्री माझ्या टाचांना लावायला लागले, आणि चारपाच दिवसांनी खाली बघतच म्हणाले की मला तुझे पाय फार आवडतात, तुला विचित्र वाटेल पण लहानपणापासून माझं असंच आहे. मी आधी रडले कारण मला वाटलं चेष्टा करतायत. फताडे पाय म्हणून ऐकलेल्या बाईला दुसरं काय वाटणार. पटायला मला वर्ष गेलं. मग एका मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात आल्यावर ह्यांनी दापोलीहून चांदीचे पैंजण आणले, ते मी घालायला लागले आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मी मान वर करून चालायला लागले. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे, मला त्यात घाण काही दिसलं नाही.

आता २०१९. गौरी-गणपती, मुंबईची सगळी मंडळी घरात, गौर आणायचा दिवस. सकाळपासून वन्संनी उंबऱ्यापासून देवापर्यंत गौरीची पावलं काढलेली. (देवाचं वेगळं आणि हे वेगळं, ते मी एकत्र करत नाही, पण दिवस तोच होता म्हणून सांगते.) संध्याकाळी भजनाला अवकाश होता म्हणून भाच्यांनी टीव्हीवर कुठलातरी इंग्रजी शो लावला, खाली मराठी नाही काही नाही, पण मुलं सांगत होती. एक मुलगा म्हणाला मला पाय आवडतात आणि लगेच बाकीच्यांचे चेहरे, तोंडावर हात, मागे टुंग करून आवाज. सगळं माजघर हसलं. वन्संच्या हातात ह्यांचा फोन होता, आरतीचे फोटो पाठवायला घेतलेला. त्या म्हणाल्या, अरे टीव्हीवर कशाला बघता, आपल्या घरातच आहे एक नमुना, आणि फोन फिरवला. त्यात माझ्या पायांचे फोटो होते. चिखलातले, कातळावरचे, वाळूत ओले झालेले, पैंजण घातलेले. नुसते पाय, घोट्याच्या वर काही नाही, कोणालाही दाखवता येतील असे, पण ते दाखवण्यासाठी काढलेले नव्हते ना. फोन पंधरा जणांच्या हातातून फिरला. बारा वर्षांच्या मुलाने सुद्धा बघितला.

हे काही बोलले नाहीत. बॅटरी घेतली आणि खळ्यात जाऊन बसले. भजनाला ह्यांचाच पखवाज असायचा, लग्नाच्या आधीपासून, आमच्या वाडीत ह्यांच्याइतका हात कोणाचा नाही. त्या रात्री भजन टाळांवरच झालं. आणि त्यानंतर आजपर्यंत ह्यांनी पखवाजाला हात लावलेला नाही, गवसणीत घालून माळ्यावर ठेवलाय. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला हळूच मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं, पाहुणे आहेत तोवर ते पैंजण काढून ठेव. फोन उघडला कोणी, फिरवला कोणी, आणि पैंजण कोणी काढायचे? मी काढले, कारण घरात गौर होती आणि तमाशा नको होता. ते काढायला नको होते, हे मी अजून स्वतःला सांगते.

त्यानंतर मी दोनतीन महिने रात्री फोनवर वाचत बसायचे की हे आहे तरी काय. असल्या आवडीला इंग्रजीत फेटिश म्हणतात, आणि तो शब्दच मुळात पोर्तुगीजांच्या फेइतिसू ह्या शब्दावरून आलाय, अर्थ जादूटोणा, मंतरलेली वस्तू. चौल-वसईला ते लोक इतकी वर्षं राहून गेले, त्यांचाच शब्द, आणि १८८७ मध्ये आल्फ्रेड बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने तो ह्या अर्थाने वापरला. आणि शरीराच्या अवयवांबद्दलच्या अशा आवडींमधे पाय एकदम वरच्या नंबरला आहेत. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या लोकांनी इंटरनेटवरचे अशा आवडीनिवडींचे ग्रुप तपासले, ५००० तरी माणसं असतील त्यात, २००७ ला छापून आलं, तर एखाद्या अवयवाची आवड असलेल्यांत जवळपास ४७ टक्के पायाचे आणि पायाच्या बोटांचे निघाले. ते फक्त ग्रुपमधले लोक, सगळ्या जगाचा हिशेब नाही तो, पण तुझा नवरा एकटा नाही एवढं तरी कळतं. डॉ. रामचंद्रन म्हणून मेंदूचे मोठे तज्ज्ञ आहेत, मूळचे तमिळनाडूचे, त्यांचा अंदाज असा की मेंदूत स्पर्शाचा जो नकाशा असतो त्यात पायाची जागा आणि जननेंद्रियांची जागा शेजारीशेजारी आहे म्हणून असं होत असेल. अंदाजच आहे तो. पण मी हे ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं.

टीव्हीचं म्हणशील तर मला त्याचा खरा राग आहे. अमेरिकेत टीएलसी नावाच्या चॅनेलवर २०१० च्या शेवटी माय स्ट्रेंज ॲडिक्शन नावाचा शो सुरू झाला, त्यात टॉयलेट पेपर खाणारी बाई, हेअर ड्रायर चालू ठेवून झोपणारी बाई, अशी माणसं. कोणी खरोखर आजारी, कोणाची नुसती सवय, सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून खुर्चीत बसवायचं, कबूल करायला लावायचं, मागे म्युझिक आणि मग घरच्यांचे चेहरे. हा साचाच पडून गेलाय. आता डेटिंग शोवाले तोच वापरतात, त्यात पायाची आवड ओतली की पाच मिनिटं हशा तयार. तासन्‌तास शूटिंग करायचं आणि त्यातलं दाखवायचं काय तर ते एक वाक्य आणि लोकांची तोंडं. तो मुलगा आधी काय बोलला, नंतर काय बोलला, त्याची मैत्रीण हसली की तिला चाललं, हे आपल्याला दिसतच नाही. बिग बॉससारख्या शोमधे कॅमेरे चोवीस तास असतात, पण तिथे माणूस सही करून, पैसे घेऊन आत जातो. माझा नवरा कुठे सही करून बसला होता? आमच्या माजघरात त्या दिवशी तोच शो झाला, फक्त न विचारता.

असंच एक अमेरिकेतल्या कोचचं वाचलं, रेक्स रायन. न्यूयॉर्क जेट्स नावाची त्यांच्याकडच्या फुटबॉलची टीम, २०१० मधे त्या टीमवर एचबीओने हार्ड नॉक्स हा शो केला, हा रांगडा शिव्या देणारा कोच लोकांना फार आवडला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्या बायकोच्या पायांचे म्हणून काही व्हिडिओ बाहेर आले. पत्रकार विचारत राहिले आणि तो एवढंच सांगत राहिला की ही माझी खासगी बाब आहे. पेपरवाल्यांनी पायावरून कोट्या करून घेतल्या. नवराबायकोतली गोष्ट, त्यात बाकीच्यांचं काय गेलं होतं? मी ते वाचून ह्यांना म्हटलं, बघा, एवढा दांडगा माणूस, त्यालाही सोडलं नाही.

आणि वन्संचा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला माहितीये? पाकीजा. १९७२ चा. रेल्वेच्या डब्यात हिरो, म्हणजे राजकुमार, झोपलेल्या मीनाकुमारीचे पाय बघतो, त्यांची तारीफ लिहून चिठ्ठी ठेवून जातो, ओळख नाही पाळख नाही, आणि ती बिचारी त्या चिठ्ठीवर जीव टाकते. वन्संच्या डोळ्यात दरवेळी पाणी येतं. आपल्याकडे कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात राजा वेलींआड लपून मालविकेच्या पायाला आळता लावताना बघतो, तेही कॉलेजात कौतुकाने शिकवतात. राजाने बघितलं तर शृंगार, राजकुमारने बघितलं तर रोमँटिक, आणि सख्ख्या भावाने लग्नाच्या बायकोचे बघितले तर नमुना. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर मला ह्याचं उत्तर द्या.

वन्सं वाईट नाहीत, हेही लिहायला पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे पत्रे उडाले, नारळी आडव्या झाल्या, महिनाभर लाईट नव्हती, तेव्हा ठाण्याहून पहिली ताडपत्री आणि पहिले पैसे त्यांनीच पाठवले. ते मी विसरणार नाही. पण ताडपत्री पाठवली म्हणजे माफी मागितली असं होत नाही. त्या अजून म्हणतात, मी मजेत बोलले, तुम्हीच मनाला लावून घेतलं. मजा कोणाची झाली? ज्या माणसाने कधी कोणाला त्रास दिला नाही त्याचा पखवाज बंद झाला.

आता तुझ्या डॉक्टरच्या प्रश्नाबद्दल नीट सांगायचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतून, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, फेटिशिझम हे निदानच काढून टाकलंय. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या निदानाच्या २०१३ च्या पुस्तकातही नुसती आवड म्हणजे आजार नाही, त्या माणसाला स्वतःला त्याचा त्रास होत असेल किंवा त्याच्यामुळे रोजचं जगणं अडत असेल तरच. तर तुझा नवरा स्वतः त्यावरून झुरत असेल, किंवा पायाशिवाय तुझ्याकडे माणूस म्हणून बघतच नसेल, तर जरूर एखाद्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे दोघं मिळून जा. आणि तुला नको वाटत असेल तर नको म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्याच्यावर प्रेम आहे म्हणून सगळं सोसायचं असं काही नाही. मी हे आधी लिहायला हवं होतं.

अजून एक. हे सगळं विचारून, दोघांच्या मर्जीने. आमच्याकडे उतरलेला एक पाहुणा हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी मासळी विकणाऱ्या बायकांच्या पायांचे फोटो चोरून काढत होता, मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर झापलं, फोटो काढून टाकायला लावले आणि दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सांगितली. तो आणि माझा नवरा एक नाहीत. त्याने त्या बायकांना विचारलं नव्हतं. आणि वन्संनीही आम्हाला विचारलं नव्हतं, म्हणून माझ्या हिशेबात त्या आणि तो पाहुणा एका रांगेत बसतात, मग त्यांना कितीही राग येवो.

तू नवऱ्याला हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण त्याने सांगितलं तेव्हा तू हसली असशील तर आज रात्रीच त्याच्याशी बोल, उद्यावर टाकू नको. ही गोष्ट आईला, बहिणीला, नणंदेला सांगायची नाही. फोनला लॉक लावायला सांग.

आणि टाचांच्या भेगांना बाजारातली क्रीम लावत बसू नको. दापोलीच्या बाजारात मुठेलाचा गोळा मिळतो, मे-जूनमधे ताजा असतो. पाय कोमट पाण्यात ठेवून पुसून कोरडे कर, मुठेल पळीत वितळवून कोमट असताना भेगांत भर, वर जुने सुती मोजे घाल, नाहीतर चादरीला डाग पडतात ते जात नाहीत. आठ दिवसांत फरक पडेल. लावून द्यायला माणूस घरात आहेच.