ब्रँडच्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन घेऊन ठेवलेत. कायद्याने अडकू शकतो का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात बसून तीन वर्षांत नऊ डोमेन घेतले. सहा डोमेन मोठ्या कंपन्यांच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून घेतलेले, दोन ‘सोलापुरी चादर’चे, एक ‘डी’वालं आणि एक डबल ‘डी’वालं, आणि एक गावातल्याच शेंगा चटणीवाल्याच्या नावाशी मिळतंजुळतं. सगळे पार्किंगवर, म्हणजे साइट न बनवता नुसतं जाहिरातींचं पान लावलेलं, त्यातून थोडे डॉलर येतात. आता एका कंपनीच्या वकिलाचा मेल आलाय, सात दिवसांत डोमेन द्या. तुमचं म्हणणं, पैसे भरून रीतसर घेतले, आधी येईल त्याला मिळतं, मग चूक काय?

चूक आहे, निदान त्या सहांच्या बाबतीत. ‘आधी येईल त्याला’ हा फक्त रांगेचा नियम आहे, त्याने नावावर हक्क मिळत नाही. डोमेन घेताना न वाचता ज्या अटींवर टिक केलीत, त्यातच तुम्ही लिहून दिलंय की हे नाव कुणाच्या हक्कावर गदा आणत नाही आणि वाद झाला तर ठरलेल्या लवादापुढे जाईन.

भारतात डोमेन बळकावण्यावर वेगळा कायदा नाही. काम चालतं ते 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यावर. मार्क नोंदलेला असेल तर कलम 29, नसेल तर ‘पासिंग ऑफ’, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं. डोमेनला हे लागू होतं हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात स्पष्ट केलं. तुमच्या प्रकरणाशी अगदी जुळणारा निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा, 1999 चा: रेडिफ विरुद्ध सायबरबूथ. समोरच्याने ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ’ डोमेन घेतलं होतं. खुलासा असा की ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’, ‘फ्री’ यांचं एकेक अक्षर जोडून नाव बनवलं. कोर्टाला ते पटलं नाही आणि मनाई हुकूम झाला. तेव्हा नोटीस आल्यावर बसून नावाचा लाँगफॉर्म शोधू नका. हा प्रयोग होऊन गेलाय.

बहुतेक कंपन्या कोर्टात न जाता लवादाकडे जातात. डॉट कॉमसाठी ‘यूडीआरपी’ नावाची पद्धत 1999 पासून आहे. कंपनीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव गोंधळात टाकण्याइतकं सारखं आहे, तुमचा त्या नावाशी वैध संबंध नाही, आणि डोमेन वाईट हेतूने घेतलं व वापरलं. एका अक्षराची चूक मुद्दाम ठेवली असली की पहिला मुद्दा जवळजवळ वादाशिवाय जातो. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एक ते पाच डोमेनसाठी एका पंचाची फी 1500 डॉलर आहे, ती कंपनी भरते. तुम्हाला उत्तराला 20 दिवस मिळतात. हरलात तर डोमेन जातं, दंड होत नाही. निकालानंतर कामाचे 10 दिवस असतात, तेवढ्यात कोर्टात दावा लावला तरच हस्तांतर थांबतं. डॉट इनचा वाद, डॉट इनची व्यवस्था पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या ‘आयएनडीआरपी’ पद्धतीखाली जातो आणि तिथे एक बारीक फरक जड पडतो. डॉट कॉमला वाईट हेतूने ‘घेतलं आणि वापरलं’ अशा दोन्ही गोष्टी लागतात, डॉट इनला ‘किंवा’ आहे. घेतानाचा हेतू सिद्ध झाला तरी पुरतं.

आता पार्किंग. तुम्हाला ते निरुपद्रवी वाटतंय, पण खरा पुरावा तिथेच तयार होतो. पान उघडून बघा: वर कंपनीच्या धंद्याशी जुळणारे शब्द, खाली पाच-सात लिंका, त्यातल्या निम्म्या तिच्या स्पर्धकांच्या. ग्राहक टाइप करताना चुकला, इथे आला, दुसरीकडे गेला, मधले पैसे तुमचे. ‘जाहिराती आपोआप येतात, मी लावल्या नाहीत’ हा बचाव पंच वर्षानुवर्षं फेटाळत आलेत. डोमेन तुमचं, तर त्यावरच्या पानाची जबाबदारीही तुमची. त्याच कंपनीच्या खऱ्या साइटकडे रीडायरेक्ट लावणं हाही उपाय नाही. उद्या तोच रीडायरेक्ट कुठेही वळवता येतो, हे पंचांना कळतं. मध्ये अफिलिएट लिंक, म्हणजे ग्राहक पाठवल्याचं कमिशन देणारी लिंक, असेल तर विषयच संपला.

याहून गंभीर गोष्ट मेलची. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ती नोंद) चालू असेल आणि ‘कॅच-ऑल’ (कुठल्याही नावाने आलेला मेल एकाच पेटीत घेणं) लावलेलं असेल, तर पत्ता टाइप करताना चुकलेल्या माणसांचे मेल तुमच्याकडे येतात: बिलं, नोकरीचे अर्ज, बँकेची कागदपत्रं. ते वाचू नका, उत्तर तर मुळीच देऊ नका. कंपनीच्या नावाने एक जरी उत्तर गेलं तर प्रकरण दिवाणी राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड, म्हणजे संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. वर भारतीय न्याय संहितेची 318 आणि 319 ही फसवणुकीची कलमं. पार्किंगवाल्याने एखाद्या दिवशी तुमच्या पानावरून लोकांना बनावट लॉगिनकडे वळवलं, तरी पोलीस पहिल्यांदा डोमेनच्या मालकाकडेच येतील. हूइजवर, म्हणजे डोमेन कुणाचं आहे त्या जाहीर नोंदीत, नाव लपवल्याचा इथे उपयोग नाही. पोलिसांनी किंवा लवादाने विचारलं की रजिस्ट्रार (ज्याच्याकडून डोमेन घेतलं ती कंपनी) नाव-पत्ता देतो.

कोर्टाचा धोका कमी वेळा येतो, पण आला तर महाग पडतो. ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 134 मुळे कंपनी स्वतःच्या धंद्याच्या ठिकाणी दावा लावू शकते. म्हणजे डोमेन सात रस्त्यावरच्या घरातून घेतलं तरी तारीख दिल्लीची लागू शकते. तातडीचा मनाई हुकूम मागितला तर दाव्याआधीच्या मध्यस्थीचीही अट राहत नाही. कलम 135 खाली नुकसानभरपाई नाहीतर नफ्याचा हिशोब मागता येतो. तुमचे ते थोडे डॉलर तिथे मोजले जातील, वकिलाच्या फीपुढे ते काहीच नाहीत. अमेरिकी कंपनी असेल तर त्यांच्या 1999 च्या कायद्यात दर डोमेनमागे 1,000 ते 1,00,000 डॉलर भरपाईची तरतूद आहे. भारतातल्या माणसाकडून ती वसूल करणं अवघड, पण डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉमची मूळ नोंद ठेवणारी कंपनी, व्हर्जिनियात असल्याने डोमेन तिथल्या कोर्टातूनही काढून घेता येतं.

मेल आल्यावरचं काम क्रमाने करा. आधी मेल खरा आहे का ते पाहा, अशा नावाने फसवणारेही भरपूर आहेत. खऱ्या नोटिशीत मार्कचा नोंदणी क्रमांक बहुधा असतोच. तो ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर पब्लिक सर्चमध्ये टाका. मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता वकिलाच्या कार्यालयाचा नंबर वेगळा शोधून फोन करा. मग नऊही डोमेनचा तक्ता करा: रजिस्ट्रार, घेतल्याची तारीख, मुदत, नेमसर्व्हर, एमएक्स आहे की नाही, आजवरची कमाई. पार्किंगच्या खात्याचा हिशोब उतरवून ठेवा, पुसू नका. त्यानंतर पार्किंग बंद, ए (साइटचा) आणि एमएक्स (मेलचा) रेकॉर्ड काढून टाका, रीडायरेक्ट काढा. डोमेन रिकामं उघडलं पाहिजे.

रिकामं ठेवलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. 2000 साली टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तक्रारीवर वायपोत झालेल्या निकालापासून नुसतं धरून ठेवणंही, नाव फार प्रसिद्ध असेल तर, वाईट हेतूचा वापर धरला जाऊ शकतं.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. एक, आता हूइजवरचं नाव किंवा मेल बदलू नका, मित्राच्या नावावर तर नाहीच. ती पळवाट समजली जाते, शिवाय मालकाचं नाव बदललं की बरेच रजिस्ट्रार डॉट कॉमला 60 दिवसांचं कुलूप लावतात. दोन, आकडा सांगू नका. कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून उच्चाराने मायक्रोसॉफ्टसारखं डोमेन घेतलं होतं. 2003 मध्ये कंपनीने 10 डॉलर देऊ केले, त्याने 10,000 मागितले, आणि तेच वाईट हेतूचा पुरावा म्हणून त्याच्यावर उलटवलं गेलं. पुढे तडजोड झाली, पण त्याच्याकडे निदान स्वतःचं नाव होतं. तुम्ही फार तर नोंदणी-नूतनीकरणाच्या पावत्या जोडून तेवढाच खर्च मागा. ‘खर्चापेक्षा जास्त किंमत’ हे शब्द नियमातच आहेत.

उत्तर दोन-तीन ओळींचं पुरे: नोटीस मिळाली, वापर अमुक तारखेला थांबवला, हक्क किंवा चूक मान्य न करता डोमेन हस्तांतरित करायला तयार आहे, त्या बदल्यात पुढे दावा करणार नाही असं लेखी हवं. ते सही होऊन हातात आल्यावरच ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे नेण्याचा पासवर्ड, द्या. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर आतल्या आत काही मिनिटांत होतं, नाहीतर पाच दिवस धरा. तक्रार वायपोत गेली असली तरी पंच नेमण्याआधी मिटलं तर कंपनीला 1500 पैकी 1000 डॉलर परत मिळतात, म्हणून त्यांनाही घाई असते. बाकी पाच कंपन्यांची नोटीस यायची वाट बघू नका. वापर आजच थांबवा आणि ऑटो-रिन्यूअल बंद करा. डोमेनची नोंद संपायला वेळ लागतो: नूतनीकरणाची सवलत 45 दिवसांपर्यंत, मग 30 दिवस रिडेम्पशन (मालकाला डोमेन परत मिळवण्याची शेवटची मुदत), मग पुसलं जाईपर्यंत 5 दिवस. या काळात रजिस्ट्रार स्वतःच्या जाहिराती लावतो, म्हणून थेट डिलीट करता येत असेल तर ते बरं.

उरलेले तीन. ‘सोलापुरी चादर’ ही कुणा एकाची मालमत्ता नाही, ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि इंग्रजीत एक ‘डी’ का दोन हे आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा एकसारखं नसतं. त्यामुळे हे डोमेन ब्रँडची चूक म्हणून धरलेले नाहीत. फक्त त्यावर पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला, किंवा तशा जाहिराती लागल्या, तर जीआय कायद्याचं कलम 22 लागू होईल. इथल्याच मागावरची चादर विकणार असाल तर ठेवा आणि खरंच दुकान उभं करा. नावाआधी कुणा कारखानदाराचा ब्रँड जोडायचं ठरवलंत, तर आधी ट्रेडमार्कच्या वर्ग 24 (कापड, चादरी) मध्ये शोधा. त्याच पब्लिक सर्चमध्ये ‘फोनेटिक’ पर्याय आहे, कारण कायद्याला नुसतं दिसणं नाही, ऐकू येणंही मोजायचं असतं.

चटणीवाल्याचा मार्क वर्ग 30 (खाद्यपदार्थ) मध्ये नसेलही, पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही. जुनी बिलं, दुकानाची पाटी आणि गावातली ओळख एवढ्यावर त्याला इथल्याच जिल्हा न्यायालयात पासिंग ऑफचा दावा लावता येतो. त्याच्यासाठी नोटीस-वकील कशाला, दुकानात जा आणि डोमेन त्याच्या नावावर करून द्या. ते आडनाव तुमचं स्वतःचं असेल तर मात्र थांबा. सोलापुरात एकाच तेलुगू आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन घरांत तीन तऱ्हेचं असतं, आणि स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 35 संरक्षण देतं. त्यासाठी त्या नावाने खरा धंदा दाखवावा लागेल: शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, जीएसटी, बिलं. पार्किंगचं पान हा धंदा नव्हे.

डोमेन दिल्यावर चार-आठ दिवसांनी हूइज पुन्हा उघडून तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. खासगीपणामुळे मालकाचं नाव दिसत नसेल तर निदान रजिस्ट्रार बदललेला दिसतो. एकाच रजिस्ट्रारकडे दिलं असेल तर तुमच्या खात्यातून ते गेल्याचा रजिस्ट्रारचा मेल जपून ठेवा.