१० किमी महामार्गासाठी आरएसयू किती लागतील? डेटाशीटवर रेंज १ किमी दिली आहे

आरएसयू (रोडसाइड युनिट) म्हणजे गाड्यांशी रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण करणारं, रस्त्याकडेच्या पोलवरचं यंत्र. एका आरएसयूची रेंज दोन्ही बाजूंना १ किमी, म्हणून १० किमीच्या चौपदरी पट्ट्याला पाच पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. पाच पुरतीलही, पण या हिशेबाने नव्हे.

डेटाशीटमधला १ किमी मोकळ्या, सरळ रस्त्यावरचा असतो. ५.९ गिगाहर्ट्‌झला मोकळ्या हवेत ३०० मीटरवर सिग्नलचा सुमारे ९७ डीबी (डेसिबल) तोटा होतो, १ किमीवर १०८. फरक जेमतेम साडेदहा डीबीचा. कार आणि पोलच्या मध्ये एखादा कंटेनर आला की तेवढे डीबी तिथेच जातात, कधी दुप्पटही. म्हणून ट्रकची वर्दळ असलेल्या रस्त्यावर मी भरवशाची त्रिज्या ३०० मीटरच धरतो. शिवाय हे प्रक्षेपण ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी एकदमच असतं, मिळाल्याची पोच येत नाही. पॅकेट, म्हणजे पाठवलेला एक संदेश, हरवलं तर आरएसयूला पत्ताही लागत नाही.

३०० मीटर त्रिज्येने अखंड कव्हरेज हवं असेल तर १० किमीला १७ पोल लागतात. पण ते खरंच हवंय का? पुढे काम चालू आहे, वळणावर वेग कमी करा, धुकं आहे, अशा सूचना असतील तर नको. ताशी १०० किमीने जाणारी गाडी ६०० मीटरच्या टप्प्यात साधारण २१ सेकंद असते. संदेश सेकंदाला एकदा पाठवला तरी २१ संधी मिळतात, निम्मी पॅकेटं पडली तरी काम होतं. अमेरिकेत वायोमिंगच्या आय-८० महामार्गावरच्या प्रकल्पात सुमारे ६५० किमीसाठी ७५च्या आसपास आरएसयू होते. ते मोक्याच्या जागी बसवले आणि मधल्या पट्ट्यांसाठी उपग्रहाचा आधार घेतला. तुम्हीही धोक्याची वळणं, टोलनाका आणि शेवटच्या फाट्याच्या आधीची जागा धरा, उरलेलं मोबाइल नेटवर्कवर सोडा. पुढे रस्ता बंद असल्याची सूचना फाटा मागे पडल्यावर मिळून उपयोग काय? चार-पाच आरएसयूंत भागेल.

आता पोल. सगळ्यात जास्त पैसे केबलमध्ये वाया जातात. यंत्र खाली पेटीत आणि ॲन्टेना वर, मध्ये रेडिओ सिग्नल नेणारी १० मीटर एलएमआर-४०० केबल, अशी मांडणी केली तर साडेतीन डीबी तिथेच गेले, म्हणजे रेंज दोन तृतीयांश. यंत्र वरच बसवा, ॲन्टेना थेट त्याला जोडा आणि खाली फक्त इथरनेट आणा. ३० वॉटचा पीओई इंजेक्टर (इथरनेट केबलमधूनच वीज देणारा) बहुतेक यंत्रांना पुरतो. इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच, नाहीतर पहिल्याच वळिवात पोर्ट जळतं.

उंची ६ ते ८ मीटर ठेवा. फार उंच पोल आणि ९ डीबीआयची, म्हणजे सिग्नल अरुंद पट्ट्यात एकवटणारी, ॲन्टेना असं जुळवलं तर किरण सपाट पसरतो आणि पोलच्या पायथ्याशी आलेल्या गाडीलाच सिग्नल धड मिळत नाही. वळणावर पोल बाहेरच्या कडेला लावा, दोन्हीकडचा रस्ता दिसतो. मध्ये डोंगराची कड आली तर ही फ्रिक्वेन्सी तिला वळसा घालत नाही, घाटात हे हमखास नडतं. दिशादर्शक कमानीच्या मोठ्या पाटीमागेही लावू नका.

टोलनाक्यावर अडचण वेगळी. ३०० बाइटचा संदेश ६ एमबीपीएसने पाठवायला सुमारे ०.४५ मिलिसेकंद लागतो. एकमेकींच्या टप्प्यातल्या २०० गाड्या सेकंदाला दहा संदेश पाठवू लागल्या की सेकंदातले ९०० मिलिसेकंद चॅनेल व्यापलेला. मग संदेशांच्या टकरी होतात. तिथे पॉवर वाढवणं म्हणजे आगीत तेल, कारण आणखी गाड्या एकमेकींना ऐकू लागतात. गाड्यांमध्ये कंजेशन कंट्रोल (गर्दी झाली की संदेश कमी करणारी सोय) चालू असायला हवा आणि आरएसयूची पॉवर कमी.

जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांच्या) ॲन्टेनाला आकाश दिसत नसेल तर यंत्राची वेळ सरकते आणि गाड्या त्याचे डिजिटल सही केलेले संदेश नाकारतात. फायबर बरेच दिवस बंद राहून त्या सहीच्या प्रमाणपत्रांची मुदत संपली तरीही तेच. बाहेरून मात्र यंत्र चालू दिसतं, दिवा हिरवाच.

आधी सिम्युलेशन करणार असाल, तर वेन्समध्ये (गाड्यांच्या रेडिओ संपर्काचा सिम्युलेटर) साधं पाथलॉस मॉडेल, म्हणजे फक्त अंतरावरून सिग्नलचा तोटा काढणारं, ठेवलं की आकडे फारच गोड येतात. गाड्यांचा अडथळा धरणारं मॉडेल चालू करा. प्रत्यक्ष चाचणीत अंतरानुसार पॅकेट लॉस नोंदवा, दोन्ही दिशांनी, एकदा मोकळ्या रस्त्यावर आणि एकदा ट्रकच्या मागे राहून. ट्रकच्या मागे जिथे लॉस १० टक्क्यांवर जातो, ती तुमची रेंज. गाडीकडून आरएसयूकडे येणारा लॉस वेगळा मोजा. आरएसयूची पॉवर जास्त असल्याने गाडीला तो ऐकू येतो, पण गाडीचं त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं पुष्कळदा निघतं.