वाचकांचे प्रश्न : पिल्लाला ट्रेची सवय लावताना

प्रश्न : आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. इमारतीच्या वाहनतळात आईविना सापडलेले मांजरीचे पिल्लू आम्ही नुकतेच घरी आणले आहे. पशुवैद्यांच्या मते त्याचे वय सुमारे सात आठवडे आहे. बाथरूममध्ये दुकानातून आणलेली माती घालून ट्रे ठेवला आहे. पिल्लू कधी त्यात जाते, पण अनेकदा सासूबाईंच्या गोधडीवर लघवी करते आणि शी करायला गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत जाते. केलेल्या जागी नेऊन त्याचे नाक घासावे आणि एक चापट द्यावी, असे सासूबाईंचे मत पडले. तसे दोन-तीनदा केल्यापासून ते कपाटामागे जाऊन घाण करू लागले आहे. आम्ही जागा लगेच फिनेलने पुसतो. त्याला दूध-पोळी देतो. आमचे काय चुकते आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचे पिल्लू तुळशीच्या कुंडीत जाते, ही तक्रार नसून सर्वांत आशादायक खूण आहे. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लांना स्वतःहून मलमूत्र करता येत नाही. आई त्यांच्या पोटाखालचा भाग चाटते तेव्हाच ती क्रिया होते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती भुसभुशीत मातीत पंजाने उकरू लागतात, आणि हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर कोरड्या, वालुकामय प्रदेशात राहणारे. उकरायचे, उरकायचे आणि वास झाकायचा, ही रीत तिथूनच आली आहे. कुंडीतली माती मऊ आहे, जागा मोकळी आहे, आजूबाजूला पाण्याचा आवाज नाही आणि कोणत्याही औषधाचा वास नाही. तुमच्या बाथरूमची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. फरशी ओली असते, बादलीत नळ जोरात पडतो, दार मध्येच बंद होते आणि त्यात फिनेलचा दर्प असतो. पिल्लाने योग्य तीच निवड केली आहे. ट्रे कुंडीसारखा करणे एवढेच आता तुमच्या हाती आहे.

सर्वप्रथम नाक घासणे आणि चापट देणे आजच थांबवावे. काही वेळापूर्वी केलेल्या लघवीचा आणि आता मिळालेल्या शिक्षेचा संबंध मांजराला जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते की माणसांच्या नजरेसमोर हे करणे धोक्याचे आहे, आणि म्हणूनच ते कपाटामागे गेले. हीच भीती वाढली, तर तुम्ही जवळ असताना ते ट्रेमध्येही जाणार नाही. सासूबाईंना दोष देऊ नये. परसदार असलेल्या घरांत मांजर बाहेरच जात असे, घरात केले तर हुसकले की काम भागे, आणि त्या अनुभवातूनच हा सल्ला आला आहे. सदनिकेतल्या पिल्लाला मात्र जायला बाहेर असे काही नाही. ते चुकीच्या जागी बसताना दिसले, तर आवाज न करता अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवावे. काम उरकलेले असेल, तर मुकाट्याने पुसून घ्यावे.

पुसताना फिनेल वापरू नये, आणि हे मी केवळ वासासाठी सांगत नाही. फिनॉलच्या गटातील रसायने निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी क्षमता माणसात असते, ती मांजरात फारच तोकडी असते. पिल्लू पुसलेल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि ते रसायन थेट पोटात जाते. काळे फिनेल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके मांजराच्या घरात नसलेलीच बरी. अमोनिया असलेले फरशीचे द्रावणही टाळावे, कारण त्याचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो. लघवी आधी जुन्या कापडाने किंवा कागदाने टिपून घ्यावी, साध्या साबणाच्या पाण्याने जागा धुवावी आणि त्यानंतर पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण लावून ते आपोआप वाळू द्यावे. लघवीतील यूरिक आम्लाचे कण साध्या धुण्याने पूर्ण जात नाहीत. आपल्याला वास येत नसला, तरी मांजराला येतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो पुन्हा वर येतो. गोधडी याच पद्धतीने धुवून कडक उन्हात वाळवावी आणि पिल्लाची सवय पक्की होईपर्यंत कपाटात ठेवावी. मऊ, पाणी शोषणारी वस्तू मांजराला मातीइतकीच सोयीची वाटते. पायपुसणी, चादरींचे ढीग आणि जमिनीवर पडलेले कपडेही काही दिवस उचलून ठेवावेत.

आता ट्रेविषयी. एक नव्हे, दोन ट्रे ठेवावेत. मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक, हा जाणकारांचा सर्वमान्य हिशेब आहे. पिल्लासाठी ट्रेची एक बाजू सहा-सात सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, नाहीतर घाईच्या वेळी त्याला चढता येत नाही. दुकानातला महागडा ट्रे हवाच असे नाही. प्लॅस्टिकचा उथळ टब किंवा एका बाजूने कापून कडा घासून घेतलेले घमेलेही उत्तम चालते. मांजर वाढले की त्याच्या अंगाच्या लांबीच्या दीडपट लांब भांडे लागेल, हे लक्षात ठेवावे. झाकणाचे ट्रे आपल्या डोळ्यांना बरे दिसतात, पण आत वास कोंडतो आणि मांजराला चहूकडे पाहता येत नाही, म्हणून सुरुवातीला तरी ते नकोत. पहिला ट्रे गॅलरीत कुंडीच्या शेजारीच ठेवावा. गॅलरीला जाळी नसेल, तर ती आधी बसवून घ्यावी, कारण पिल्लू कठड्यावरून पडण्याचा धोका खरा आहे. दुसरा ट्रे दिवाणखान्यातल्या किंवा झोपण्याच्या खोलीतल्या शांत कोपऱ्यात ठेवावा. धुलाई यंत्राशेजारी तो नसावा, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून दूर असावा, कारण मांजर जेवते तिथे घाण करू इच्छित नाही. कुंडीतल्या मातीवर तळहाताएवढे गुळगुळीत दगड पसरावेत. तुळशीला पाणी मिळेल, पिल्लाला उकरता येणार नाही. त्याच कुंडीतली दोन मुठी माती आणि त्याने केलेल्या शीचा एखादा तुकडा ट्रेमध्ये वर ठेवावा, म्हणजे जागा ओळखीची होते.

दुकानातून आणलेली माती ओली झाल्यावर घट्ट गोळा होणारी असेल, तर ती तूर्त बदलावी. तो गोळा बेन्टोनाइट या मातीमुळे होतो, जी पाणी शोषून फुगते. या वयाची पिल्ले नवी वस्तू तोंडाने चाखून पाहतात, आणि पोटात गेलेली ही माती आतड्यातही फुगू शकते. पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. कोणतेही लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती किंवा गोळ्या, बिनवासाचेच घ्यावे. सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराला तो नकोसा होतो. तीन ते पाच सेंटिमीटरचा थर पुरतो. पुढे प्रकार बदलायचा झाल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदल करावा. दिवसातून दोनदा घाण काढावी आणि आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून साध्या साबणाने धुवावा.

सवय लागते ती वेळापत्रकाने. पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात, त्यामुळे जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत पिल्लाला जावेसे वाटते. झोपेतून उठल्यावर आणि दंगा करून झाल्यावरही तसेच. या प्रत्येक वेळी त्याला उचलून ट्रेमध्ये ठेवावे आणि बोटाने वरचे लिटर थोडे खरवडून आवाज करावा. त्याचे पंजे धरून उकरायला लावू नये, बहुतेक पिल्लांना ते आवडत नाही. ते उतरून निघून गेले, तर जाऊ द्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेवावे. त्याने काम केले, की लगेच हळू आवाजात शाबासकी आणि आवडता घास द्यावा. खाणे दिवसभर भांड्यात पडून राहू न देता चार ठरावीक वेळांना दिले, तर बाहेर पडण्याच्या वेळाही ठरतात. पहिले काही दिवस, विशेषतः रात्री आणि घरात कोणी नसताना, पिल्लाला ट्रे, पाणी आणि अंथरूण असलेल्या एकाच खोलीत ठेवावे. तिथे चूक होईनाशी झाली, की दुसरी खोली उघडावी. एवढ्याशा जिवाला अख्खे घर एकदम मोकळे दिले, तर ऐन वेळी ट्रेची वाट सापडत नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानातच येत नाही.

दूध-पोळीही बंद करावी. आईचे दूध सुटल्यावर मांजरांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते, आणि गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना पातळ शी होते. पातळ शी थोपवता येत नाही, आणि ट्रेमध्ये असताना पोट दुखले, तर पिल्लू त्या दुखण्याचा संबंध ट्रेशी लावून तो टाळू लागते. पिल्लांसाठीचे तयार खाद्य हा त्याचा मुख्य आहार असावा. वरून मीठ-मसाला, कांदा आणि लसूण न घालता उकडलेली कोंबडी थोडी द्यायला हरकत नाही. जंताचे औषध आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देण्याची पद्धत आहे. मात्रा पशुवैद्यांनी वजन पाहून ठरवावी. पिल्लू पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसते आहे, कण्हते आहे, लघवीत रक्त दिसते आहे, असे आढळले तर ती सवयीची बाब नाही. नर मांजराची लघवी अडली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची गरोदर असून बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. आमच्या घरी पाच महिन्यांचे मांजर आहे. मांजराच्या विष्ठेमुळे पोटातल्या बाळाला आजार होतो, तेव्हा त्याला बाजारात सोडून द्या, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मांजर सोडून देण्याचे कारण नाही. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची, आणि ती निराधार नाही, कारण गरोदरपणात पहिल्यांदाच ही लागण झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. पण ती कशी होते, हे नीट समजून घ्यावे. मांजराला हा परजीवी बहुधा उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने मिळतो, आणि पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी बाहेर पडतात. ती अंडीही लगेच लागण करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ झाला, तर धोका फार कमी होतो. ट्रेला मुलीने हात लावू नये, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मांजराला घरातच ठेवावे व शिजवलेले किंवा तयार खाद्यच द्यावे. अर्धकच्चे मांस, न धुतलेली कोथिंबीर-काकडी आणि बागेतली माती यांतूनही हीच लागण होते, हे नातेवाइकांना आवर्जून सांगावे. त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. मुलीने आपल्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगावे, म्हणजे रक्ततपासणी हवी की नको ते तेच ठरवतील.

प्रश्न : विकतचे लिटर दर महिन्याला परवडत नाही. बांधकामाची वाळू चालेल का? आणि घाण टाकायची कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाळू चालते. अमेरिकेतही पूर्वी लोक वाळू, राख आणि लाकडाचा भुसाच वापरत. 1947 साली मिशिगन राज्यातल्या एड लो यांनी शोषक माती शेजारणीला मांजरासाठी दिली आणि त्यातून विकतच्या लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची होती. मात्र रस्त्याकडेला उघड्या पडलेल्या ढिगातली वाळू थेट घरात आणू नये. गल्लीतली मांजरे तोच ढीग वापरतात, आणि जंतांची अंडी त्यासोबत घरी येतात. वाळू चाळून, दोन-तीन पाण्यांनी धुवून, कडक उन्हात पूर्ण वाळवावी. ती लघवी धरून ठेवत नाही, खाली झिरपू देते, म्हणून तळाशी वर्तमानपत्र घालून रोज बदलावे. पावसाळ्यात ती वाळत नाही. त्या महिन्यांपुरत्या लाकडाच्या गोळ्या घेणे सोयीचे ठरते. सुताराकडचा भुसा घ्यायचा असल्यास तो साध्या लाकडाचा असावा. प्लायवूडच्या भुश्यात गोंदाची रसायने असतात.

घाण संडासात ओतू नये, वाळू आणि माती नळात बसून तुंबतात. ती वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून कचऱ्यात द्यावी आणि भाजीच्या मळ्यात किंवा पालेभाजीच्या वाफ्यात कधीही पुरू नये.

प्रश्न : आमचा आठ महिन्यांचा बोका लहानपणापासून ट्रे वापरत असे. आता तो भिंतींवर आणि पडद्यांवर उभ्याने लघवी उडवतो. तो सवय विसरला का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : विसरला नाही. शेपूट ताठ उभी करून थरथरवत भिंतीवर थोडीशी लघवी उडवणे म्हणजे वयात आलेल्या बोक्याने आपली हद्द आखणे आहे. पोट मोकळे करण्यासाठी तो अजूनही ट्रेमध्येच जात असणार. एकदा लघवीची तपासणी करून आजार नाही याची खात्री करावी आणि मग नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. बहुतेक बोक्यांचे हे वागणे त्यानंतर थांबते, पण रक्तातली संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात, तोवर पडदे एन्झाइमच्या द्रावणाने धूत राहावे. शस्त्रक्रियेनंतरचे सात ते दहा दिवस ट्रेमध्ये माती किंवा वाळू न घालता फाडलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे जखमेला कण चिकटणार नाहीत.